भिंतीखालचे तीन ठोके

कल्पना करा, तुम्ही कोटाच्या भिंतीखाली भुयारात पालथे पडला आहात. कूस बदलायची सोय नाही. हातात आखूड दांड्याची कुदळ, तोंडात माती, पायांशी सुरुंगाच्या दारूची पिंपं. समोरून शत्रू तुमच्याच दिशेने खणत येतोय. तुम्ही आधी पोहोचलात तर तो मेला, तो आधी पोहोचला तर तुम्ही. आता खणा. पण आवाज करायचा नाही.

थोरला हेच करत होता. मुळात तो विहिरी खणणारा. म्हातारा राजा मेला, गादीवरून काका-पुतण्यात जुंपली, पुतण्याने शहराचे दरवाजे लावून घेतले, तेव्हा थोरला आत एका विहिरीच्या तळाशी होता. खाली उतरला गवंड्याचा माणूस म्हणून, वर आला पुतण्याचा सैनिक होऊन. धाकटा भाऊ गावी होता. त्याला काकाच्या फौजेने उचललं. राजा कोण हवा, हे दोघांनाही कुणी विचारलं नाही.

काकाच्या वेढ्यात उन्हाळा सरला. शिड्या लावून चढणाऱ्यांवर उकळतं तेल पडलं, त्यांची कातडी भिंतीला तशीच चिकटून होती. काकाने चिडून पकडलेल्या पाणक्यांची मुंडकी आत फेकली. त्यात थोरल्याला रोज पाणी पाजणारा एक होता.

मागे जमादार रांगत आला. "काय रे, झोपलास की काय?"

"ऐकतोय."

थोरल्याने मातीला कान लावला. ठक, ठक, ठक, आणि मग एक अगदी हलका ठोका. तीन घाव घालून चौथा हलका मारायचा, पुढची जमीन पोकळ आहे का ते बघायचं, ही त्याच्या बापाची सवय. ती फक्त दोन पोरांनी उचलली होती.

"किती लांब?" जमादार कुजबुजला.

"दोन हात."

"मग सर मागे. वात लावतो. उडू दे साल्याला, त्याच्या आईला पुरायलाही काही उरायला नको."

ती आई गावी होती, आणि ती थोरल्याचीही होती.

त्यांच्या घरात एक रीत होती. दोन भाऊ दोन टोकांनी खणत आले की ज्याला आधी आवाज लागेल त्याने सावकाश तीन ठोके द्यायचे: मागे सर, मधली माती कोसळतेय. समोरच्याने दोन द्यायचे: सरलो. थोरल्याने विचार केला नाही. हाताने केला. कुदळीची पाठ मातीवर तीनदा आपटली.

"काय केलंस हे, भडव्या?" जमादाराने पाय धरून त्याला मागे ओढलं आणि कट्यारीच्या मुठीने तोंडावर हाणलं. दात घशात गेला. दुसरा घाव कानावर बसला.

पलीकडचं खणणं थांबलं. मग ठक. एकच.

थोरला रक्त थुंकत दुसऱ्या ठोक्याची वाट बघत राहिला.

तेवढ्यात जमीन फाटली. काकाच्या माणसांची पिंपंही तयारच होती. आधी त्यांची दारू उडाली, पाठोपाठ ह्यांची, आणि जी भिंत तोफांना दाद देत नव्हती ती खालून दुहेरी धक्क्याने बसली. थोरला वाचला तो जमादारामुळे. त्याचं धड अंगावर पडलं होतं, डोकं कुठे गेलं ते कळलं नाही.

त्याला बाहेर काढलं तेव्हा खिंडारातून काकाची फौज आत शिरत होती. गल्ल्यांत लोकांना दारातच कापत होते. ज्या विहिरीचं काम त्याने अर्धवट सोडलं होतं ती प्रेतांनी काठोकाठ भरली. संध्याकाळी पुतण्याचं मुंडकं भाल्यावर फिरलं आणि काका गादीवर बसला. दरबारात म्हणे घोडेस्वारांच्या शौर्याची गाणी झाली. भुयारात घोडा शिरत नाही, हे कुणी बोललं नाही.

धाकटा सापडला नाही. ना जिवंत, ना तुकड्यांत.

थोरला पुन्हा विहिरी खणायला लागला, आता काकाच्या राज्यात. धाकट्याची बायको त्याची भाकरी घेऊन येते. एकदा तिने विचारलं, "मोठे भाऊजी, त्यांनी तुम्हाला ओळखलं होतं ना?"

"ओळखलं. उत्तर दिलं त्याने."

"मग सरले का नाहीत?"

थोरला उरल्या कानाने तळाची माती ऐकत बसला. धाकट्याच्या मागेही कुणी जमादार होता, त्याने दुसरा ठोका मारू दिला नाही? की थोरला समोर आहे हे कळल्यावर धाकट्याने स्वतःच तो मारला नाही, आणि वातीकडे वळला?