कळलावीचा कंद

आमच्या घरातला वनस्पतितज्ज्ञ मी. हे पद मला कुणी दिलेलं नाही; कोथरूडमागच्या टेकडीवरच्या चार पावसाळी फुलांची नावं पाठ झाल्यावर मीच ते घेतलं. सोनकी, कवला, तेरडा, सीतेची आसवं. सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक फोटो, खाली ‘कृपया फुले तोडू नयेत’.

ऋषिपंचमीच्या सकाळी हाच तज्ज्ञ पिशवी घेऊन फुलं तोडायला निघाला. आमच्या गौरी कोकणी पद्धतीच्या. तेरड्याची मुळासकट जुडी बांधायची आणि तिला कळलावीची लाल-पिवळी फुलं लावायची; आई त्यांना गौरीचे हात म्हणते. गौरींना अजून अवकाश होता, पण उशीर केला की टेकडीवर आपल्याआधी सगळं कोथरूड येऊन जातं. उतारावरच्या ओल्या गवतात तेरडा हवा तेवढा होता. कळलावी झाडीच्या कडेला, करवंदीच्या जाळीवर चढलेली. वेल तोडायला ओढला, तर माती भिजलेली. वेल तुटायच्या ऐवजी कंदच वर आला. बोटाएवढा जाड, मधेच काटकोनात वळलेला, बारक्या रताळ्यासारखा. असा कंद मी प्रत्यक्ष कधी पाहिला नव्हता. आनंदाने फोटो काढला आणि सगळंच पिशवीत टाकलं.

घरी आई विळी घेऊन ऋषीच्या भाजीला बसली होती. या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसातलं, रानातलं, नांगर न लागलेलं काय मिळेल ते त्या भाजीत जातं. पिशवी मी तिच्या शेजारी ठेवली.

“कुठनं आणलंस?”

“टेकडीवरनं.”

“म्हणजे रानातलं. छान.”

मी खाली सोसायटीच्या आरतीला गेलो.

परतलो तेव्हा साडेबारा वाजले होते. साखरेच्या गोळीमुळे आई सगळ्यांच्या आधी जेवते, तशी जेवून ताट उचलत होती. मी पिशवी उघडली. तेरडा होता, वेल होता. कंद नव्हता. वेलाचं टोक विळीवर कापल्यासारखं सरळ.

कळलावी विषारी, आणि सगळ्यात विषारी तिचा कंद. हेही ग्रुपवर मीच लिहिलं होतं, कवटीच्या चित्रासकट.

“आई, यातला कंद कुठंय? रताळ्यासारखा?”

“रताळी घातली ना भाजीत.”

“बाजारातली नाही गं! माझा कंद!”

ती थांबली. कुणाच्या लग्नात जिलबी कमी पडली ते तिथीसकट सांगणारी माझी आई, तासाभरापूर्वीचं आठवताना माझ्याच तोंडाकडे बघत होती.

“घातला असेल,” ती म्हणाली.

बायको म्हणाली, “अहो, उभे काय राहिलात? हॉस्पिटलात न्या त्यांना. मी घरात कंद शोधते.”

रस्त्यात जिथेतिथे मांडव. प्रत्येक सिग्नलला मी विचारत होतो, “मळमळतंय का?”

“तू असं चालवल्यावर मळमळणारच,” ती म्हणाली. मी हसलो, पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच विचारलं.

हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरबाईंनी फोटो पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. लक्षणं दिसायला काही तास लागतात, तोवर थांबणं परवडणारं नाही, असं त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. मग आईजवळ वाकल्या.

“आजी, आपण हा कंद खाल्लात का?”

“आठवत नाही हो,” आई म्हणाली. शाळेत उत्तर न आलेल्या मुलीसारखी. तिने माझी बाही घट्ट धरली.

रक्त घेतलं, सलाईन लावलं, कोळशाचं काळंकुट्ट पाणी प्यायला दिलं. “ऋषींनी तरी असलं प्यायलं असेल का रे?” तिने विचारलं. मी घड्याळ बघत होतो. तिला साधी जांभई आली तरी मी नर्सला हाक मारत होतो.

दोनच्या सुमाराला बायकोचा फोन आला.

“मिळाला. अख्खा! बाल्कनीत, मोगऱ्याच्या कुंडीत. नीट पुरलाय, वर पाणीसुद्धा घातलंय.”

मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडलो. शेजारच्या माणसाने, काही वाईट घडलं असेल असं समजून, खांद्यावर हात ठेवला. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

संध्याकाळपर्यंत थांबवून त्यांनी घरी सोडलं. आई थेट बाल्कनीत गेली आणि कुंडीशी वाकली.

“हे तू लावलंस होय? कडेला तरी लावायचंस. मोगरा मरेल अशाने.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं.

“चुकलंच,” मी म्हणालो.

आईला बेसिनपाशी नेलं. नखांत माती होती, वाळून घट्ट झालेली. गवतातलं मोहरीएवढं फूल वाकून शोधणाऱ्या मला ती दुपारभर दिसली नव्हती. हाच हात तर माझ्या बाहीवर होता. मी एकेक नख साबणाने घासायला लागलो. तिने ते पाहिलं.

“ही कुठली रे माती?” तिने विचारलं.