एका तासाची लाइन

माझी ताई घरचा फोन उचलला तरी "हॅलो" म्हणत नाही. "कुठे आहात ते आधी सांगा," म्हणते. मी मुद्दाम "स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर" असं सांगितलं की चिडते, पण सवय काही जात नाही. कित्येक वर्षं ती रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात फोन घेते आहे. पलीकडचा माणूस रडत असतो, किंचाळत असतो, कधी शिव्याही घालत असतो, आणि ही त्याला सांगते, छाती वरखाली होतेय का बघा, दाराची कडी काढून ठेवा, मी इथेच आहे. ऑफिसात तिला बर्फाची लादी म्हणतात. घरात आम्ही काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. लहानपणी माझे कान लांब झाले ते तिच्याच हातांनी, एवढं सांगितलं तरी पुरे.

तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, स्वतःचं सलून चालवायचे. माझ्या डोक्यावर केस होते तोवर ते त्यांनीच कापले, आणि नंतर जे उरलं त्याची थट्टाही त्यांनीच केली. सात महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकाच सकाळी गेलं. पाय काठी टेकत चालण्यापुरता परत आला. बोलणं चार-सहा शब्दांवर येऊन अडलं. हात मात्र आलाच नाही. हॉस्पिटलमधून सुटल्यावर त्यांना काही दिवस शुश्रूषागृहात ठेवलं होतं. तिथली माणसं वाईट नव्हती, पण भावोजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच, आणि जेवण सोडलं. ताई त्यांना घरी घेऊन आली आणि साठवलेली सगळी रजा काढून बसली.

ती रजा आता संपत आली होती. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. दिवसभर थांबणाऱ्या दोन बाया मिळाल्या होत्या. एक आठवड्यात कंटाळली, दुसरी न सांगताच गायब झाली. मी शाळेत भूगोल शिकवतो, मलाही घरी बसता येत नव्हतं. ऑफिसने एकच वाट मोकळी ठेवली होती, घरून फोन घ्यायचे. त्यासाठी बंद होणारं दार असलेली खोली हवी, म्हणजे परक्याचं दुःख घरभर ऐकू जाणार नाही, आणि लाइन पक्की हवी. शनिवारी सकाळी अकराला तासाभराची चाचणी होती. ऑफिसातलं कोणीतरी खोटा फोन करून बोलत राहणार. लाइन एकदा तुटली तर माफ, दुसऱ्यांदा तुटली की नापास. नापास म्हणजे सोमवारी ताई ऑफिसात आणि भावोजी पुन्हा त्या भिंतीपाशी.

आता घर असं की इंटरनेटची तार येते पुढच्या दारापाशी, तिथेच कंपनीने दिलेला काळा मॉडेम भिंतीला ठोकलेला, आणि दार बंद होणारी खोली पार मागच्या टोकाला. मध्ये लांबलचक पॅसेज आणि जुन्या जाडजूड भिंती. मागच्या खोलीत वायफाय पोचायचं ते मरगळून. जमिनीवरून तार ओढली असती तर भावोजींची काठी तिच्यात अडकली असती. म्हणून मी मेशचे तीन पांढरे डबे घेऊन आलो. पहिला डबा मॉडेमला जोडायचा, दुसरा पॅसेजमध्ये, तिसरा मागच्या खोलीत. एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे सिग्नल पोचवायचा. हे काम माझ्याकडे का, तर शाळेतला बंद पडलेला प्रोजेक्टर मी एकदा चालू केला होता. तेव्हापासून सगळ्या नात्यागोत्यात मी इंजिनिअर आहे.

सकाळी आठला पहिला डबा जोडला. लाल दिवा. मोबाइलवर संदेश आला, इंटरनेट नाही. तार काढून पुन्हा लावली. लाल. मॉडेमचं भिंतीवरचं बटण तीनदा बंद करून चालू केलं. लाल. कंपनीच्या हेल्पलाइनवर बराच वेळ पेटीसारखं संगीत ऐकलं, मध्येमध्ये एक बाई माझा फोन त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे ते सांगत होती. शेवटी एक खरीखुरी मुलगी बोलली, "सर, मॉडेम पूर्ण बंद करून चालू करा, म्हणजे तो नवीन डबा ओळखेल."

"तेच तर तीनदा केलं!"

"पूर्ण बंद केलात का सर?"

माझा पारा चढला. मी प्लगच उपटला आणि फोनमध्ये ओरडलो, "हा घ्या, प्लग माझ्या हातात आहे! आणखी किती पूर्ण करू?"

ताई भावोजींची दाढी करून साबणाचा हात पुसत बाहेर आली. "अरे," ती म्हणाली, "दिवे तर चालूच आहेत की."

खरंच होते. प्लग माझ्या हातात लोंबत होता आणि मॉडेम मख्खपणे हिरवे दिवे लावून बसला होता. वीज गेली तरी घरचा फोन चालू राहावा म्हणून कंपनीने त्याच्या पोटात बॅटरी घातलेली होती. सकाळपासून तो एकदाही बंद झाला नव्हता. खालचं झाकण सुरीने उघडलं, बॅटरी काढली, तेव्हा कुठे तो मेला. पुन्हा जिवंत केल्यावर पहिला डबा हिरवा झाला. फोनवरच्या मुलीला मी सॉरी म्हणालो की नाही ते आठवत नाही. बहुतेक नाही.

तिसरा डबा मागच्या खोलीत लावला. मधल्या डब्यासाठी पॅसेजमध्ये एकच प्लग होता, टोकाच्या बोर्डावर.

"याच्या बटणाला कोणी हात लावत नाही ना?" मी विचारलं.

"नाही रे, कोण लावतंय," ताई म्हणाली.

घरातली सगळी यंत्रं नव्याने जोडत बसायला नको, म्हणून मी नवीन वायफायला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला. या हुशारीचं मला फार कौतुक वाटलं. ताईने पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडून ऑफिसची खिडकी चालू केली, तसाच उचलून मागे नेला, कानाला हेडफोन चढवला आणि दार लावून घेतलं. अकरा वाजले.

मी पुढच्या खोलीत मोबाइल घेऊन बसलो. त्यावर तीन डब्यांचे तीन गोल दिसत होते, तिन्ही हिरवे. समोर भावोजी खुर्चीत, गुळगुळीत दाढीचे, अंगात इस्त्रीचा शर्ट. जणू परीक्षा त्यांचीच होती. एका अर्थी होतीच. बंद दारातून ताईचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, नुसता तो सपाट, न घाबरणारा सूर.

वीसेक मिनिटं झाली असतील. आवाज एकदम थांबला. मग ताईचं "ऐकू येतंय का? ऐकू येतंय का?" मोबाइलवर बघतो तर तिन्ही गोल हिरवेच. डबे चालू आणि ताई बंद, हे कसं? मग डोक्यात प्रकाश पडला. मॉडेमचं स्वतःचं वायफाय मी बंदच केलं नव्हतं. लॅपटॉप पुढच्या खोलीत त्याला जो चिकटला, तो मागे गेल्यावरही त्यालाच धरून बसला होता. नाव तेच, पासवर्ड तोच, त्याला बिचाऱ्याला फरक कसा कळणार? माझी हुशारी माझ्याच अंगाशी आली होती.

मॉडेमच्या सेटिंग्ज उघडायचा पासवर्ड त्याच्या बुडाला बारीक अक्षरांत होता. तो वाचायला मी जमिनीवर आडवा झालो, चष्मा कपाळावर. दोनदा चुकीचा टाकला. तिसऱ्यांदा आत शिरलो, मॉडेमचं वायफाय बंद केलं आणि देवाचं नाव घेतलं. काही क्षणांनी मागून पुन्हा तो सपाट सूर सुरू झाला. दार फटभर उघडलं, ताईचा हात बाहेर आला, त्याने एक बोट दाखवलं आणि दार लागलं. माफीची एक संधी संपली होती.

त्यानंतर मी त्या तीन गोलांवरून नजर काढली नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी पापणी मिटायची भीती वाटत होती. भावोजी मध्येच उठले. या वेळेला ते रोज पॅसेजमध्ये व्यायामाच्या फेऱ्या मारायचे. मी नुसती मान हलवली, म्हटलं जाऊ देत, तेवढेच त्यांचेही पाय मोकळे होतील. काठीचा आवाज टक टक करत लांब गेला. घड्याळात बारा व्हायला थोडंच उरलं होतं. जमलं बहुतेक, असं मनात आलं.

आणि मधला गोल करडा झाला. पाठोपाठ तिसराही.

मी धावलो. पॅसेजच्या टोकाला भावोजी बोर्डाकडे तोंड करून उभे होते. डावा हात काठीवर. उजवा हात वर, आणि त्याचं पहिलं बोट बटणावर. डब्याचा दिवा विझला होता.

"भावोजी, काय केलंत हे!" मी ओरडलो. वयाने आणि मानाने मोठ्या माणसावर मी जन्मात असा ओरडलो नव्हतो.

त्यांनी मान वळवली. चेहरा उजळलेला होता, जिवणीची एक बाजू वर चढलेली. "दबलं," ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, रोज पॅसेजच्या टोकापर्यंत चालायचं आणि उजव्या बोटाने ते बटण दाबायचं. पहिले काही दिवस आम्ही सगळे जवळ उभे राहून "शाबास, शाबास" करायचो. बोट पोचायचं, घासायचं आणि घसरून खाली यायचं. मग ताई एकटीच उभी राहू लागली. मग घरकामाच्या धबडग्यात तीही नाही. ते मात्र रोज जात होते. आणि सकाळी त्याच बोर्डापाशी उभं राहून मी विचारलं होतं, याला कोणी हात लावत नाही ना, आणि ताईने नाही म्हटलं होतं. आम्ही दोघांनीही तो हात हिशेबातूनच काढून टाकला होता.

मागचं दार उघडलं. ताई बाहेर आली, हेडफोन गळ्यात. तिने विझलेला डबा पाहिला. मग बोट पाहिलं. भावोजींचंही लक्ष आता डब्याकडे गेलं, आणि त्यांचा चेहरा उतरू लागला. मी तोंड उघडणार तोच ताई म्हणाली, "तू गप्प बस." मग त्यांच्याकडे वळून, "अहो, पुन्हा दाबा बघू."

त्यांनी बोट टेकवलं. घसरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. ताई हात न लावता बाजूला उभी होती. मला तिथे थांबवेना आणि तिथून हलवेना. भावोजींनी दात आवळले, कपाळावरची शीर फुगली, आणि खट् झालं. डब्यावर दिवा आला. बर्फाची लादी तिथेच जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

तिचा मोबाइल वाजला. ऑफिसातल्या मुख्य बाई होत्या. ताईने डोळे पुसले आणि मला ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"लाइन दोनदा तुटली ग," बाई म्हणाल्या. "मला कारण नोंदवावं लागेल. कंपनीच्या मॉडेमचा दोष असेल तर पुढच्या आठवड्यात पुन्हा चाचणी घेता येते, तोवर तुझी रजा मी कशीतरी वाढवते. घरातलं कारण असेल तर नियमाने तीन महिने थांबावं लागेल. काय झालं होतं?"

मी जिवाच्या आकांताने मॉडेमकडे बोट दाखवत होतो. दोन्ही हातांनी दाखवत होतो. आणि पहिल्यांदा लाइन तुटली ती त्या मॉडेमपायीच की! निम्मं तर खरंच होतं. ताईने माझ्याकडे पाहिलं, मग भावोजींकडे. ते काठीवर रेलून फोनकडे बघत होते.

"घरातलं कारण," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याने बटण बंद केलं. उजव्या हाताने."

"तीन महिने आहेत, कळतंय ना तुला?" बाई म्हणाल्या.

"कळतंय."

त्या दिवशी मी तिच्यावर चिडलो तो चिडलोच. डबे तसेच ठेवून घरी निघून आलो. पण रविवारी भावोजींची शुश्रूषागृहात न्यायची बॅग भरायला कोणीतरी हवं होतं, म्हणून गेलो. भावोजी पलंगावर बसले होते, ताई त्यांचे शर्ट घडी करून एकावर एक ठेवत होती. शेवटी माझ्याने राहवेना.

"एक शब्द, ताई. मॉडेम. एवढाच म्हणायचा होता. कंपनीचं काय वाकडं झालं असतं? कोण विचारायला येणार होतं?"

तिने हातातला शर्ट खाली ठेवला.

"सात महिन्यांत त्या हाताने एक काम केलं," ती म्हणाली. "ते मी त्यांच्यादेखत मॉडेमच्या नावावर घालू?"

बॅगेची चेन अडकली होती, ती ओढत बसलो.