वहिनीचं मिठाचं पाणी

जूनमधल्या एका दुपारी मी गोरेगावच्या शाळेत नव्या वर्षाची पुस्तकं कपाटात लावत होतो. आमच्या गावाहून, केशोरीहून, पुतण्याचा फोन आला. "काका, आई गेली." एवढंच बोलला. सकाळी अंगण झाडून झाल्यावर छातीला हात लावून वहिनी ओट्यावर बसली, ती उठलीच नाही. एसटीत बसल्यावर मी तिचा चेहरा आठवू पाहत होतो. पण डोळ्यांसमोर येत होते ते तिचे खाऱ्या पाण्यानं पांढुरके पडलेले हात...

शकुंतलावहिनी सातवीपर्यंत शिकलेली. मी विज्ञानाची पदवी घेऊन नोकरीविना घरी बसलो होतो, त्या वर्षीची ही गोष्ट. तालुक्याला शेतीचं एक दिवसाचं शिबिर झालं. मिठाच्या पाण्यात धान टाकलं की भरलेले दाणे खाली बसतात आणि पोचट वर येतात, तीच बियाणं निवडायची रीत, असं तिथं ऐकून ती आली. माझ्या वडिलांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, आठवडाभर मनवून तिनं थोडं बियाणं मागून घेतलं. शेजारच्या आठ-दहा बायाही बोलावल्या. मिठाचं माप मात्र ती विसरली होती. जास्त मिठानं जास्त चांगली निवड होईल, या समजुतीनं तिनं बादलीत दोन पुडे रिकामे केले, काडीनं ढवळलं आणि धान ओतलं. जवळजवळ सगळं धान वर आलं.

"अव माय, सारंच पोचट!" कुणीतरी म्हणालं आणि हसू पसरलं. बाबा खाटेवरून उठले. "वर्षभर जपलेलं बियाणं हाये हे. पोचट म्हणतेस याले?" वहिनी गोंधळून माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुमी तं सायन्स शिकले. काऊन तरंगून राहिलं हे?" घनतेची व्याख्या मला तोंडपाठ होती, पण समोरच्या बादलीशी तिचा काही संबंध असेल, याचा मी विचारच केला नाही. बाकीच्यांसोबत मीही हसलो. बाबांनी धान उपसायला लावलं आणि बजावलं, "यापुढं बियाण्याले हात लावू नको." जी बाई रोवणीपासून कापणीपर्यंत शेतात वाकलेली असायची, तिला हे सगळ्यांसमोर ऐकावं लागलं. तिनं बायांना चहा दिला, बादली धुऊन पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. स्टीलच्या गिलासात साधं पाणी, तळाशी मूठभर धान. ती चिमटीनं मीठ टाकत होती, ढवळत होती, थांबत होती. कितीतरी चिमट्यांनंतर एक दाणा हलला, वर आला, मग दुसरा. "पाहा, कालचंच धान हाये. साध्या पाण्यात बुडलं. धानात खोट नवती, भाऊजी. पाणीच मिठानं लगीत जड झालं व्हतं."

मी तत्परतेनं सांगून टाकलं, की मीठ विरघळलं की पाण्याची घनता वाढते, आणि ती दाण्याच्या घनतेच्या वर गेली की भरलेला दाणाही तरंगतो.

"हे तुमाले काल मालूम व्हतं?"

"हो."

"मंग काल काऊन नाही बोलले?"

चिडून नव्हे, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आम्ही शिबिरातलं माप विचारून आणलं, दुकानातून मीठ तोलून आणलं. ती पुन्हा घरोघरी गेली. "माप चुकलं व्हतं माया हातून," असं प्रत्येक दारात म्हणाली. निम्म्याच बाया आल्या. बाबांनी कुरकुरत एका बांधीपुरतं, म्हणजे एका खाचरापुरतं, बियाणं दिलं. या वेळी वर आलेलं थोडंसं पोचट तिनं काढून टाकलं, तळाचं दोनदा गोड्या पाण्यात धुतलं, सावलीत वाळवलं. त्या बांधीचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, सारखे, दाट उगवले. पुढच्या जूनमध्ये बाजारातून येताना बाबांनी मिठाचा पुडा आणला आणि तिच्यापुढं ओट्यावर ठेवला.

पुढे मी शिक्षक झालो. घनतेचा धडा आला की पोरांना तुझीच गोष्ट सांगतो, असं एकदा मी तिला कौतुकानं म्हणालो. तिनं विचारलं, "तुमी हसले, ते सांगता का?" सांगत नव्हतो... त्या वर्षापासून सांगू लागलो.

यंदा ती गेली तेव्हा पाऊस लांबला होता. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले, आणि मग आभाळ भरून आलं, पऱ्हे टाकायची घाई झाली. मधल्या खोलीत चटईवर तिनं अखेरचं निवडलेलं बियाणं पसरलेलं होतं. वाळवताना पाच बोटं फिरवायची तिची सवय. त्या बोटांच्या रेघा धानात जशाच्या तशा होत्या. इतके दिवस कुणी त्यावर पाय पडू दिला नव्हता. दादा टोपली घेऊन दारात उभा राहिला, त्याच्यानं आत जाववेना. शेवटी थकलेले बाबा भिंतीला धरत आले, चटईशी बसले आणि कडेकडेनं, ओंजळी-ओंजळीनं बियाणं भरू लागले. रेघांपाशी आल्यावर थांबले.

"पाऊस येऊन राहिला, बाबा," मी म्हणालो.

"येऊ दे," ते म्हणाले. "घडीभर थांबते तो."