दसऱ्याला सांगितलेला भाव

तुमच्या साहेबानं दसऱ्याला तुमच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि म्हटलं, "आपला शेअर आज चाळीसला मिळतो, पण तो शंभराचा आहे," तर दुसऱ्या दिवशी तुम्ही तो विकाल? खरं सांगा.

देवराव नाही विकू शकले. पंप बनवणाऱ्या आमच्या कंपनीत ते सत्तावीस वर्षं स्टोअरकीपर. साहेबाच्या चिठ्ठीशिवाय एक बोल्ट त्यांनी बाहेर जाऊ दिला नाही. मी युनियनचा माणूस, मलासुद्धा दिला नाही. त्र्याऐंशी साली सक्करदऱ्याला त्यांचा प्लॉट ठरला होता. दिवाळीच्या आत जवळचे कंपनीचे शेअर विकून पैसे भरायचे होते. विक्रीच्या फॉर्मवर सहीही झाली होती.

आणि दसऱ्याच्या सकाळी मॅनेजिंग डायरेक्टर मधुकरराव कॅन्टीनमध्ये सोनं वाटता वाटता ते वाक्य बोलून गेले.

घरी त्यांची बायको वच्छलाबाई म्हणाल्या, "सही झाली नं जी? मंग देऊन टाका तो कागद. प्लॉट हातचा जाईन."

"सोनं हातात देऊन बोलले साहेब. आता विकलं तं त्याइले खोटं पाडल्यासारखं होते."

"भाव साहेब ठरवते का बजार ठरवते?"

देवरावांनी शेअरचे कागद देव्हाऱ्यात ठेवले, वर ते पान.

होळीपर्यंत शेअर नऊवर आला. प्लॉट तर कधीच दुसऱ्यानं घेतला होता. मी देवरावांना ओढतच साहेबाच्या केबिनमध्ये नेलं.

"काहून बोलले तुम्ही?" माझा आवाज चढला होता.

मधुकररावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला खरंच तसं वाटत होतं हो. माझेही शेअर तसेच पडून आहेत. एकही विकला नाही."

खोटं बोलले असते तर भांडता आलं असतं. आता कोणाची कॉलर धरू? ऑर्डरी किती आल्या, मशिनी किती दिवस बंद होत्या, ते साहेबानं जरूर सांगावं. भाव सांगू नये. त्याला नुसतं वाटतं, आणि खाली स्टोअरमध्ये तो हुकूम होतो.

देवरावांनी माझी बाही धरली. "चाल गा. साहेबाले नको बोलू."

अजूनही ते रोज सदर भागातल्या वाचनालयात पेपरातला भाव बघायला येतात. शेजारी बसणाऱ्याला हमखास विचारतात, "वाढन का जी?" कधी तुम्ही शेजारी असलात, तर कृपा करून हो म्हणू नका.