बेगमपेटच्या काचा

उमरग्याच्या मथुराबाईंनी हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावर एकोणीस वर्षं काचा पुसल्या. पुढं तिथली प्रवासी विमानं शहराबाहेरच्या नव्या विमानतळावर गेली आणि बाई गावी परतल्या. तरी दिवाळी झाली की त्या हैदराबादची एसटी धरतात आणि जुन्या फाटकापुढं तासभर उभ्या राहून येतात.

यंदा गुडघे दुखत होते, म्हणून कॉलेजातली नात आरोही सोबत आली. मेट्रोच्या पुलाखाली रिक्षातून उतरताच बाई गोंधळल्या. दरवर्षी खुणेला धरलेलं इराण्याचं चहाचं हॉटेल रस्त्याच्या ह्या अंगाला होतं, का त्या? दोनदा रस्ता ओलांडला, पण हॉटेल कुठंच नव्हतं.

फाटकावरच्या शिपायानं विचारलं, "अम्मा, किसको लेने आये? विमान अब शमशाबाद को उतरते."

"कुनाला घ्यायला न्हाय आले," बाई म्हणाल्या. मग कशाला आलो, ते मात्र त्यांना सांगता येईना.

तेवढ्यात आतून एक लहानसं विमान उडालं. बाई चमकल्या. "बंद झालंय म्हनत्यात ना? मग हे काय?"

"शिकाऊ पायलटचं असंल, आजी."

दूरवरच्या इमारतीच्या काचा उन्हात लखलखत होत्या. "आन् ह्या कोन पुसतंय?" बाईंनी विचारलं.

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या. नळदुर्गची एक बाई शेजारी बसली होती. तिनं सहज विचारलं, "कुठं गेलता?"

"तेच कळंना बघा," मथुराबाई म्हणाल्या. "पुढल्या दिवाळीला पुन्ना जाऊन बघते."