त्रिकोणाला फुटलेली शिंगं

आसेगावच्या अलीकडे एक फाटा लागतो. त्या फाट्याच्या गावात लग्न ठरलं की बँडवाल्याच्या आधी रंगूबाईला निरोप जाई. नवरीच्या घराची दर्शनी भिंत सारवायची, तिला चुन्याचा हात द्यायचा आणि वर हत्ती, मोर, डोलीतली नवरी काढायची, हे काम तिचं. गेरू, कपड्यांची नीळ आणि कंदिलाची काजळी हे तिचे रंग. काडीला गुंडाळलेली चिंधी हा कुंचला. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदण करून ती संध्याकाळी भिंतीपुढे उभी राही.

रंगूबाई बौद्ध वस्तीतली. गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांच्या घरात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. पण भिंतीच्या बाहेरच्या बाजूला शिवाशीव नसते, असा गावाचा सोयीचा समज होता. तिच्या कामाला कुणी कला म्हणत नसे, समाजसेवा तर नाहीच. ‘रंगूले तेवढाच विरंगुळा,’ असं म्हणून लोक द्रोणभर बुंदी धाडत.

नवरा पुंजाजी कुरकुरे, “आपली भिंत उघडी, अन् लोकायच्या भिंतीवर हत्ती!”

“आपल्या घरी लग्न काढा, मंग काढतो हत्ती,” ती म्हणे.

शहात्तर सालच्या डिसेंबरात दौलतरावांच्या थोरलीचं, विजयमालाचं लग्न निघालं. दौलतराव गावातले बडे शेतकरी. त्यांनी रंगूबाईला बजावलं, “औंदा ते हत्ती नोको. निरा पोत्यावानी दिसतेत. वऱ्हाड रिसोडकडचं हाये. काही नवीन काढ. छापील वाटलं पायजे, सरकारी कामावानी.”

रंगूबाईनं हे मनावर घेतलं. सरकारी काम तिनं एकच पाहिलं होतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तालुक्याच्या पेंटरनं नुकताच मोठा लाल त्रिकोण काढला होता, टोक खाली असलेला. शेजारी आई, बाप, मुलगा, मुलगी. चौघं हसणारी, चौघांचे केस विंचरलेले. खाली अक्षरं. रंगूबाईला वाचता येत नव्हतं. रंग कुंकवाचा, माणसं सुखात, म्हणजे शुभच असणार. तिनं चित्र डोळ्यांत भरून घेतलं आणि वेलीची वळणं लक्षात ठेवावीत तशी अक्षरंही लक्षात ठेवली.

‘दोन किंवा तीन पुरेत’ ही वेल दौलतरावांच्या दारावर हुबेहूब उतरली. दौलतराव बाजाराला गेलेले, परतले ते अंधार पडल्यावर. चौथी पास नवरी हळद लावून आत बसलेली. पाहुण्या बायका म्हणाल्या, “कसं छापल्यावानी आलं व माय!” ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं नाही, भिंतीवरचं वाचायचं नसतं, अशी त्या दिवसांत सवयच झाली होती.

सकाळी वऱ्हाडाच्या गाड्या आल्या. पहिल्या गाडीत नवरदेवाचे आजोबा उकंडराव. नसबंदीची जीप दिसली की गावंच्या गावं ओस पडत, असे ते दिवस. उकंडरावांना मांडव दिसला, गर्दी दिसली आणि दारावर सुपाएवढा लाल त्रिकोण दिसला.

“कॅम्प हाये! फसवलं बाप्पा! गाड्या फिरवा!”

गल्लीत गाड्या फिरेनात. बाप्यांनी उड्या टाकल्या. गल्लीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना माथ्याएवढी तूर उभी होती, तिनं सगळ्यांना पोटात घेतलं. सत्तरी उलटलेले उकंडराव सगळ्यांत आत गेले. गाड्यांत बायका उरल्या आणि दोन्ही हातांनी बाशिंग धरून बसलेला नवरदेव.

“मी पळू काय व आत्या?”

“तू कायले भेतं? तुह्यं तं अजून सुरूच नाही झालं!”

दौलतराव हार घेऊन तुरीत शिरले. “इवाई, बाहेर या! डाक्टर नाही, भटजी हाये!”

मुहूर्त टळला, पण लग्न लागलं. दौलतरावांनी व्याह्यांसमोर स्वतःच्या हातानं भिंतीला शेण फासलं.

“आता गावात कोणाच्याच भिंतीले हात लावू नोको, रंगू.”

“तुमीच म्हणाले ना, सरकारी कामावानी.”

“म्हनून सरकारच आणून बसवतं काय दारात?”

बातमी आरोग्याच्या साहेबांपर्यंत गेली. ते जीपमधून आले आणि फार खूश झाले. एक निरक्षर मजूर बाई लग्नाच्या मांडवात स्वयंस्फूर्तीनं कुटुंबनियोजनाचा प्रचार करते! पंचायतीच्या अंगणात सत्कार झाला. शाल, नारळ, ‘आदर्श समाजसेविका’ अशी पदवी. बोलण्याच्या भरात साहेबांनी माइकवरच विचारलं, “ताई, आपल्याला अपत्यं किती?”

“सात.”

साहेबांनी माइककडे पाहिलं, जणू बिघाड तिथंच होता.

“पाच लेकी, दोन पोरं,” रंगूबाईनं फोड करून सांगितली. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग साहेबांनाही वाजवाव्या लागल्या.

शालीबरोबर लाल ऑइलपेंटचा डबा मिळाला आणि घरटी एक त्रिकोण काढायचं काम. त्रिकोणाचा अर्थ आता तिला कळला होता. पण गाव भिंत देत नव्हतं, सरकार देत होतं. आणि असा चमकणारा, न धुपणारा रंग तिनं जन्मात हाताळला नव्हता. तिनं दौलतरावांच्या भिंतीसकट सगळं गाव त्रिकोणांनी भरून टाकलं.

माघ-फाल्गुनात गावात लग्नं झाली. लोकांनी भिंतींवर देवांची कॅलेंडरं टांगली. वावरातून परतताना रंगूबाई लग्नघरापुढे रेंगाळे, कमरेला काडी खोचलेली. आतल्या बायका खाली मान घालून गहू निवडत. घरात शाल घडी करून ठेवली होती. तिला शाल नको होती, भिंत पाहिजे होती.

पुढे निवडणूक झाली, सरकार बदललं, साहेबांची बदली झाली. त्रिकोण पुसायचे असं गावानं ठरवलं. पण ऑइलपेंटवर शेणाचा हात टिकेना. वाळलं की पोपडे पडत आणि मागून त्रिकोण पहिल्याहून स्वच्छ बाहेर येई. दौलतरावांनी खुरप्यानं खरवडून पाहिलं. खालच्या टोकाशी भिंतीला पोचा पडला, तोही त्रिकोणीच.

तूर पुन्हा माथ्याएवढी झाली आणि त्यांच्या धाकटीचं लग्न निघालं. तेव्हा ते वस्तीत आले, रंगूबाईच्या अंगणाबाहेर उभे राहिले.

“तू काढलं, तूच पूस.”

“पुसत नाही ते. सरकारी काम हाये.” मग ती म्हणाली, “झाकता येईन. पण काय काढाचं ते मी ठरवीन. भिंत पुरी मही.”

दौलतरावांनी मान डोलावली.

ती भिंतीपुढे बराच वेळ उभी राहिली. मग काजळीनं त्रिकोणाच्या वरच्या दोन टोकांवर दोन शिंगं काढली, बाजूला कान, मधे डोळे, खाली नाकपुड्या. बैल झाला. इतके दिवस तो जणू शिंगांचीच वाट पाहत भिंतीवर थांबला होता. पोचा होता तिथं तिनं गळ्यातली घंटा काढली. शेजारच्या बायका बघायला आल्या आणि जाताना आपापल्या घरी यायचं सांगून गेल्या. लग्नाच्या दिवसापर्यंत गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर बैल होता, सगळे सरकारी मापाचे.

आणि हत्तीही होते, पोत्यासारखेच. भिंत पुरी तिची होती.

लग्नाला थोरलीच्या सासरची मंडळी आली. उकंडरावांनी गाडीतूनच भिंत न्याहाळली.

“बैल काहून काढला व बाई?” ते ओरडले. “बैल म्हंजे बडवलेला! पुन्हा तेच सांगून राह्यली ना?”

दौलतरावांच्या हातातला हार खाली आला. नांगराला जुंपण्याआधी बैल खच्ची करतात हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. भिंतीकडे बघताना मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

रंगूबाई कमरेला काडी खोचून पुढे झाली. “बैल नाही, गोऱ्हा हाये तो, आबा. बडवला नाही अजून.”

“कायावरून?”

“तोंडच काढलं ना म्या. बाकीचं ज्याचं त्यानं समजून घ्यावं.”

गाडीतल्या बायका पदरात तोंड लपवून हसल्या. उकंडरावांनी थोडा विचार केला आणि ते गाडीतून उतरले. पण तुरीच्या बाजूनं.