गिताबाईंची तेरावी खोली

सणसवाडीत गिताबाईंच्या बारा खोल्या, सगळ्या कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या. तेराव्या खोलीच्या विटा अंगणात पडल्या, त्याच दिवशी नियोजन कार्यालयातली तेजश्री नकाशा घेऊन आली.

"मावशी, ही जागा मोकळीच ठेवा. पावसाचं पाणी मुरवायला खड्डा घेऊ. सगळा पट्टा बोअर उपसतोय. दोन हजार पन्नासपर्यंत..."

"तवा मी हाय का?"

"तुम्ही नसलात तरी खोल्या असतीलच की."

"बाई, आमी मेंढरांमागं वाढलेली माणसं," गिताबाई चहा ओतत म्हणाल्या. "पाणी आटलं की मेंढरांचा वाडा उचलायचा, बिऱ्हाड घोडीवर टाकायचं आन् म्होरं निघायचं. माझ्या सासऱ्यानं म्होरच्या वर्साचा कवा इचार केला न्हाई. तू पार पन्नास सालात जाऊन बसलीस."

तेजश्री हसली, चहा प्यायली, नंबर देऊन गेली. गिताबाईंनी गवंड्याला पाया खणायला बोलावलं.

गवंडी येण्याआधीच बोअर आटली. मोटर नुसती हवा ओढू लागली. टँकर आला, भांडणं लागली, आणि एका सकाळी चार नंबरच्या खोलीतला सतीश गादीला दोरी बांधताना दिसला.

"कुठं निघाला रं?"

"दुसरा कमरा देखा है, चाची. इथं पाण्याच्या लाइनीत शिफ्ट जाते."

"भाडं कमी करते."

"भाड्यानं आंघोळ होते का?"

शेजारच्या दोन खोल्यांतूनही शेगड्या, बादल्या, गाठोडी बाहेर येत होती. गिताबाई बघत राहिल्या. पाणी आटलं, बिऱ्हाड हललं. रीत त्यांच्याच घरची होती; फक्त आजवर निघणारी त्यांची माणसं असायची. आता त्या मागं राहणाऱ्या झाल्या होत्या, आणि बारा खोल्या काही घोडीवर चढत नाहीत.

त्यांनी फोन लावला. "तेजश्री, तुझ्या खड्ड्याला आतनं काय लावत्यात?"

"विटा. फटी ठेवून रचायच्या, म्हणजे पाणी मुरतं."

"विटा हायेत. गवंडी बी येतोय."

"आणि तेरावी खोली?"

"तीच म्हण. खाली बांधू. पाण्याला ठेवू भाड्यानं."

सतीश गादीवर बसून ऐकत होता. "चाची, पानी कब आएगा?"

"पाऊस पडल्यावर. एका पावसात बोअर भरंल का न्हाई, त्ये बी ठावं न्हाई."

"तब तक?"

"तवर टँकर. तू शिफ्टला जा, लाइनीत तुझी बादली मी धरते."

सतीशनं जरा विचार केला. गादीला दोन गाठी होत्या. त्यानं एक सोडली.